टाचणवहीतला कागद

सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाईंना,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

ऋतुजा काल दुपारी सुखरूप पोचली. दिग्विजयरावांनी गाडी इतकी जपून आणली, की करकंब ते सोलापूर यायला पावणेतीन तास लागले. आईनं भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेतलं. तुम्ही दिलेला शेंगाचटणीचा डबा उघडला. सोलापूरला शेंगाचटणी पाठवण्याचं धाडस तुमच्याशिवाय कुणी करणार नाही, आणि खरं सांगायचं तर ती आमच्या गल्लीतल्यापेक्षा चांगली आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर मराठीची वाट लागते म्हणून तुम्ही तिकडे फिरकत नाही. तेव्हा आपली ही पत्रंच बरी. नववीत तुमच्याकडे विज्ञान शिकताना वाटलंही नव्हतं, की माझी धाकटी बहीण तुमच्याच घरी सून म्हणून जाईल आणि मला तुमच्याशी व्याह्यांच्या बाजूनं बोलावं लागेल. अजूनही तुम्हाला लिहिताना पाठ ताठ होते.

आता कामाचं. तुम्ही ओटीबरोबर तिची फाईल दिलीत, ती मी काल बसून वाचली. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांच्या लघवी-रक्तातले जंतू बघणारी बाई मी, सवय जात नाही. सप्टेंबरात तिला लघवीला जळजळ होत होती म्हणून अकलूजच्या दवाखान्यात सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. ‘कल्चरला पाठवले’ अशी नोंदही आहे. पण त्याचा रिपोर्ट फाईलमध्ये नाही. ऋतुजा म्हणते, आला होता, आईंकडे असेल. दिग्विजयराव म्हणतात, कागदपत्रं सगळी आई बघते. अकलूजला फोन केला, तर नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला होता, पावतीचा नंबर सांगा म्हणाले. पावती बहुतेक त्या रिपोर्टलाच टाचलेली असणार.

त्यात कुठला जंतू सापडला होता, तेवढं मला हवंय. सापडला की पाठवा. तिला आता आठवा सरत आलाय, दहा जानेवारीची तारीख दिली आहे.

आबासाहेबांना नमस्कार. लोभ आहे, तो माझ्या चौकशांनी आटू नये.

तुमची विद्यार्थिनी,
पद्मजा

करकंब,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पोचले. अक्षर अजून पळते आहे, आणि मुद्दा शेवटी लिहायची तुझी खोड नववीपासून तशीच आहे. ऋतुजाच्या आवडीचे लाडू केले आहेत, कोणी येणारे मिळाले की पाठवते.

रिपोर्ट शोधते. दिवाळीत घर रंगवले तेव्हा सगळे कागद इकडचे तिकडे झाले. मात्र मला एक समजत नाही. सात दिवस गोळ्या घेतल्या, जळजळ थांबली, पोरगी टवटवीत झाली. गेलेल्या दुखण्याचा कागद कशाला उकरायचा? हे तर म्हणतात, लई शिकलेल्या बायका घरात आल्या की डाक्तरपेक्षा कागदच जास्त हुतात. त्यांचे सोड. पण बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीविषयी ‘सासरहून रोग घेऊन आली’ किंवा ‘माहेरहून घेऊन गेली होती’ असे बोलायला लोकांना फार थोडे पुरते. तू शहरात राहतेस, तुला ते ऐकू येत नाही. मला बहिरीला येते.

आणि गोळ्यांनी मेलेला जंतू परत येतो कसा, हे मला शिक्षिका म्हणून नीट समजावून लिही. मी रिटायर झाले आहे, मूर्ख नाही.

बारशाचे आत्ताच ठरवून ठेवले आहे. कानात नाव सांगायला आत्या लागते आणि दिग्विजय पडला एकुलता. म्हणून यांच्या पुतणीला सांगून ठेवले आहे. ती येईल.

ऋतुजाला पायावर पाय टाकून बसू देऊ नकोस. सर्वांना यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझ्या बाई,
मथुराबाई

सोलापूर,
१६ डिसेंबर २०२४

ती. बाईंना,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

या वेळी मुद्दा आधी लिहिते. गेल्या आठवड्यात डॉ. चेतनांनी ऋतुजाचा स्वॅब घेतला. बाळंतपणाच्या वाटेत कुठला जंतू आहे का, ते बघायचं होतं. तो आमच्याच लॅबमध्ये मी लावला. काही उगवलं नाही. सगळ्यांना हायसं वाटलं, आईनं शिरा केला. मला मात्र तो शिरा गिळवेना.

तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. स्ट्रेप्टोकोकसची एक जात आहे, ग्रुप बी म्हणतात. कितीतरी धडधाकट बायकांच्या आतड्यात आणि खालच्या वाटेत ती राहते. त्यात त्या बाईचा काही दोष नसतो. आजारही नसतो, घाणही नसते. गोळ्यांनी लघवीतले जंतू मरतात, पण आतड्यातले उरतात आणि काही आठवड्यांत पुन्हा खाली उतरतात. कधी सापडतात, कधी स्वॅबला हुलकावणी देतात.

तुम्ही फळ्यावर जिवाणूचं चित्र काढायचात, आठवतं? पेशीभित्तिकेच्या बाहेर एक तुटक रेघ मारून म्हणायचात, ही संपुटिका, कॅप्सूल. काहींना असते, काहींना नसते, नाही काढली तरी गुण जाणार नाहीत. बाई, सगळी गोम त्या रेघेत आहे. हे या जंतूचं साखरेचं पांघरूण आहे, आणि त्याच्या वरच्या टोकाला जी साखर असते, तीच आपल्या स्वतःच्या पेशींवरही असते. लग्नात वऱ्हाडाच्याच रंगाचा फेटा बांधून कुणी परका आला, तर दारातला माणूस त्याला हात जोडून आत घेतो. तसंच होतं. रक्तातल्या पहारेकरी पेशी त्याला घरचा समजून सोडून देतात. हे पांघरूण काढलेला जंतू फार काही करू शकत नाही. पांघरलेला मात्र वर पिशवीपर्यंत चढतो, आणि जन्मताना बाळाच्या फुप्फुसात, तिथून रक्तात जातो.

आईच्या रक्तात त्या पांघरुणाची ओळख तयार असेल, तर शेवटच्या महिन्यांत ती ओळख वारेतून बाळाला मिळते. पण सगळ्याच आयांकडे ती नसते. म्हणून कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून इंजेक्शन देतात. बाळ होण्याच्या निदान चार तास आधी ते अंगात जायला हवं.

आता ऐका. गरोदरपणात हा जंतू एकदा जरी लघवीत सापडला असेल, तर पुढे स्वॅब काहीही म्हणो, ते इंजेक्शन द्यायचंच असतं. लघवीत उतरला म्हणजे आत त्याचा जमाव मोठा आहे. आणि सापडला नसेल, तर चेतना देणार नाहीत, स्वॅब स्वच्छ आहे म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. अँटिबायोटिक उगाच देऊ नका म्हणून सगळ्या वॉर्डांना मीच सांगत फिरते, आता कुठल्या तोंडानं हट्ट धरू? अकलूजवाले अजून ‘नावावरून शोधतो’ म्हणतायत.

तुम्ही कुठलाही कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवत नाही, हे मला माहीत आहे. कागद सापडला नाही तरी त्यावर काय होतं ते आठवून लिहा. मला फार भीती वाटते आहे.

रागावू नका. लोभ असावा, आज थोडा जास्त.

पद्मजा

करकंब,
१९ डिसेंबर २०२४, दुपारी साडेतीन

चि. पद्मजा हिस,
आशीर्वाद.

कागदाचा फोटो दिग्विजयने आत्ताच तुझ्या फोनवर टाकला आहे. मूळ कागद आणि हे पत्र घेऊन तो निघतो आहे. तो कपडे बदलतो तेवढ्यात लिहिते आहे.

कागद हरवला नव्हता. शाळेत पाठांची टाचणे काढायचे, त्या माझ्या जुन्या टाचणवहीत होता. मीच ठेवला होता.

डोहाळजेवणाच्या दिवशी बायका सोनोग्राफीचे फोटो बघायला फाईल हातोहात फिरवतात, तुला ठाऊक आहे. चुलतजावा, त्यांच्या सुना, सगळ्या वाचू शकणाऱ्या. त्या कागदावर स्ट्रेप्टोकोकस आणि ‘भरपूर वाढ’ असे छापलेले होते. सकाळी ओटीचे साहित्य काढताना मी तो काढून घेतला. संध्याकाळी परत लावायचा होता. मग मनात म्हटले, दुखणे गेले आहे, राहू दे.

का, ते तुला सांगते. मी आपणहून कोणाला सांगितलेले नाही. दिग्विजयच्या आधी मला एक मुलगी झाली होती. सत्त्याऐंशी साली, माझ्या माहेरी, माळशिरसला. कळांच्या वेळी मला ताप होता. मुलगी पहिला दिवस चांगली होती, दुसऱ्या दिवशी कण्हायला लागली, दूध ओढेना, आणि तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले होते, ‘आईला जंतुसंसर्ग’. ती चिठ्ठी सासूबाईंनी देवघरातल्या पेटीत ठेवली. पाच वर्षे, घरात कोणी बाई आली की ती काढून दाखवायच्या. हिच्या अंगातच रोग हाय, कागदावर लिवलंय की, असे म्हणायच्या. मी त्याच वेळी शाळेत मुलांना जिवाणू शिकवत होते. दिग्विजय झाला तेव्हा ती चिठ्ठी मी चुलीत घातली.

ऋतुजाविरुद्ध असा कागद कोणाच्या हातात पडू नये, एवढेच माझ्या मनात होते. तुझे पहिले पत्र आले तेव्हाच द्यायला हवा होता. पण तेव्हा खोटे बोलले होते, आणि खोटे बोलल्याचे कबूल करायला जीभ उचलेना. माझ्याच विद्यार्थिनीपुढे.

तुझे पत्र पोस्टमनने आज अकरा वाजता दिले. वाचून लगेच वहीतून कागद काढला. फोन करायचा तर मला ऐकू येत नाही, आणि हे सकाळपासून शेतावर. शेजारी जायचे तर कागद दाखवावा लागला असता. दिग्विजयची कारखान्यावरची पाळी तीनला सुटते. मी दारात त्याची वाट बघत बसले.

तो तयार झाला. ताबडतोब कळव.

मथुरा

सोलापूर,
२१ डिसेंबर २०२४

ती. बाईंना,
सा. न.

मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे. ऋतुजा बरी आहे. बाळ बरं नाही.

वेळा लिहिते, कारण तुम्ही विचारणारच. परवा, एकोणीसला, सकाळपासून तिची कंबर दुखत होती, ती कुणाला बोलली नाही. बाराला पाणी गेलं. पाऊण वाजता ॲडमिट केलं. तीन वीसला तुमचा फोटो माझ्या फोनवर आला. मी लेबर रूमकडे धावत गेले. चेतनांनी फोटो बघितला आणि साडेतीनला इंजेक्शन सुरू केलं. पाच वाजून दहा मिनिटांनी बाळ झालं, तीन आठवडे आधीच. चार तास मिळाले नाहीत.

काल सकाळी बाळाचा श्वास वाढला. कण्हल्यासारखा आवाज येत होता. दूध ओढेना. पण फाईलला तो कागद लागलेला होता, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी अर्धा तासही वाट बघितली नाही. रक्त कल्चरला घेतलं आणि तेव्हाच तिच्या शिरेत औषध सुरू केलं. कागद नसता, तर सर्दी असेल, गारठा असेल म्हणून संध्याकाळपर्यंत बघत बसले असते. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसं घडलं.

आज सव्वादहाला तिच्या रक्ताची बाटली मशीनवर वाजली, म्हणजे तिच्यात जंतू उगवला. दुसरी कुणी करते म्हणाली तरी मीच स्लाइड केली. स्ट्रेप्टोकोकसच्या, जांभळ्या ठिपक्यांच्या माळा दिसल्या. बावीस वर्षं मी हे बघते आहे, पण आज डोळा भिंगाला लावून ठेवता येईना. इतक्या छोट्या मुठी आहेत तिच्या, बाई.

औषध त्या जंतूला लागू आहे. दहा दिवस द्यावं लागेल. पाठीतलं पाणीही तपासायला घेतलंय. मेंदूपर्यंत गेला नसेल, तर पुष्कळ आशा आहे. आज तिचा श्वास कालच्याहून वाढलेला नाही, एवढंच सांगू शकते.

तुमच्या मुलीचं तुम्ही लिहिलंत, ते मी चारदा वाचलं. ती याच जंतूनं गेली, असं मी म्हणू शकत नाही. कुणी नमुना ठेवला नाही, कुणी बघितलं नाही. पण तुम्ही लिहिलेला दुसरा दिवस आणि मी काल बघितलेला दिवस एकसारखे आहेत. तेव्हा तुमच्या अंगात रोग नव्हता. फार तर एक जंतू होता, तो माझ्याही अंगात असू शकतो. आणि कळांच्या वेळी ते इंजेक्शन तुम्हाला देईल असं तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

ऋतुजाला मी इतकंच सांगितलंय, की कागद उशिरा सापडला. तुमचं पत्र माझ्या कपाटात आहे. दिग्विजयरावांनीही ते वाचलेलं नाही. तसंच राहू देऊ.

रोज एक ओळ लिहून एस.टी.नं पाठवत जाईन.

पद्मजा

करकंब,
२५ डिसेंबर २०२४

चि. पद्मजा हिस,
आशीर्वाद.

तुझे एकविसाचे पत्र आणि त्यानंतरच्या तिन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. पाठीतले पाणी स्वच्छ निघाले आणि काल बाळाने चमच्याने दूध घेतले, हे वाचून मी पहिल्यांदा जेवले. हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आता मी सांगते ते कर. तू मला वाचवायला बघते आहेस. परीक्षेत कोणाला कॉपी करू दिली नाही मी, आणि आता माझ्यासाठी तुला खोटे बोलू देणार नाही. अकरा ते तीन. तुझ्या पत्रातल्या वेळा मी वहीत उतरून काढल्या. मी अकरा वाजता उठून शेजारी गेले असते, तर पाऊणला, ती ॲडमिट झाली तेव्हाच, तो कागद डॉक्टरांच्या हातात असता. पाच वाजून दहापर्यंत चार तास भरले असते. लोक काय म्हणतील म्हणून मी चार तास दारात बसले, आणि नेमके तेच चार तास त्या पोरीला हवे होते. हे गणित मला येते.

माझे एकोणीसचे पत्र ऋतुजाच्या हातात दे. दिग्विजयलाही वाचू दे. ती काय म्हणेल ते मी ऐकेन, म्हणजे वाचेन. बारशाला मी येणार नाही. तिने बोलावल्याखेरीज मला त्या बाळाला हात लावायचा अधिकार नाही, असे मला वाटते. यांना आणि पुतणीला पाठवते.

तू स्लाइड स्वतः केलीस, ते चांगले केलेस. पूर्ण गुण.

लोभ ठेवावा, असे या वेळी मी कोणत्या तोंडाने लिहू?

मथुराबाई

सोलापूर,
४ जानेवारी २०२५

ती. आईंना,
ऋतुजाचा शि. सा. नमस्कार.

मला ताईसारखं पत्र लिहिता येत नाही, आणि मांडीवर ही झोपलीय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. दहा दिवसांची इंजेक्शनं संपली. तिसऱ्या दिवशीच्या तपासणीत रक्त स्वच्छ आलं होतं. एकतीसला आम्ही घरी आलो. आता ती इतकी जोरात रडते, की खालच्या मजल्यावरच्या सुंदरम्मा आजी काठी आपटतात. मला तो आवाज फार आवडतो.

ताईनं तुमचं पत्र मला दिलं. खरं लिहिते, मी तीन दिवस तुमच्यावर खूप चिडले होते. हिच्या हाताला, पायाला, शेवटी डोक्यालासुद्धा सुया टोचत होते, आणि मला तुमची टाचणवही दिसत होती. तुमचं नाव कुणी काढलं तरी मी उठून जात होते. दिग्विजयनी पत्र वाचलं. लहान मुलासारखे भिंतीकडे तोंड करून बसले.

पण आता माझंही सांगते. डोहाळजेवणाच्या सकाळी तुम्ही फाईलमधून कागद काढलात, ते मी दारातून बघितलं होतं. काय कागद आहे तेही मला कळलं होतं. आणि मला बरं वाटलं होतं. बायकांनी तो वाचू नये, असं मलाही वाटत होतं. नंतर ताईनं विचारलं, तेव्हा ‘आईंकडे असेल’ एवढंच म्हणाले. त्यात काहीतरी सापडलं होतं, हे सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? मी म्हटलं, नाही. तुम्ही चार तास गप्प बसलात, मी तीन महिने. तेव्हा सगळं गणित एकट्या तुमच्या नावावर लावू नका.

बाराव्या दिवशीचं बारसं राहिलं. आता सत्तावीस तारखेला करायचं ठरवलंय. तुमच्या पुतणीला मी फोन करून सांगितलं, की जेवायला जरूर या, पण कानात नाव सांगायला नको. त्यांना राग आला असेल, तो तुम्ही बघून घ्या.

माझ्या लेकीला सख्खी आत्या आहे. सत्त्याऐंशी सालची, माळशिरसची, तीन दिवसांची. दिग्विजयना बहीण होती, हे त्यांना बत्तिसाव्या वर्षी कळलं. परवापासून ते तिचा उल्लेख ‘ताई’ असाच करतायत. तिच्या वतीनं तुम्ही यायचं आणि हिच्या कानात नाव सांगायचं. ते काम दुसऱ्या कुणाचं नाही.

फक्त एक राहिलंय. तिला तेव्हा नाव ठेवायचं राहून गेलं ना? पाळण्याशी आधी तिचं नाव सांगा, मग हिचं. दोन बारशी एका दिवशी करायची आहेत, म्हणून जरा लवकर निघा. सकाळच्या गाडीनं या.

मोठ्यांना नमस्कार. तुमच्यावर माझी माया आहे, चिडले होते तेव्हाही होती.

तुमची,
ऋतुजा